उंबरठा आणि फूटपट्टी : सोव्हिएत संघानंतरच्या रशियात विज्ञानाचे पैसे कसे वाटले गेले

(जाहीर व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक तीन शेवटी दिले आहेत.)

आजचा विषय मी सुचवला तेव्हा आयोजकांनी हळूच विचारलं होतं, की रशियातल्या संशोधन अनुदानांवर बोललात तर ऐकायला कोण येणार? तुम्ही आलात, आभारी आहे. (हशा)

विषय लांबचा वाटतो, पण त्यातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. समजा, तुमच्या हातात पैसे थोडे आहेत आणि मागणारे खूप. त्यातलं खरं काम कोण करतं आणि हजेरीपटावर सही करून घरी कोण जातं, हे तुम्हाला बाहेरून कळत नाही. ज्यांना कळतं, ते स्वतःच मागणाऱ्यांच्या रांगेत उभे आहेत. आणि निर्णय उद्या सकाळी घ्यायचा आहे. काय कराल?

१९९२ साली रशियाच्या सरकारपुढे हा प्रश्न असाच उभा होता. पुढच्या तीस वर्षांत त्यांनी त्याला चार-पाच वेगवेगळी उत्तरं देऊन पाहिली. काही चांगली निघाली, काहींनी नासधूस केली. मला आज त्या उत्तरांचा हिशोब मांडायचा आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ते तपासत ऐकता येईल : आकडा हा उंबरठा म्हणून वापरला तेव्हा उपयोगी पडला, आणि तोच आकडा फूटपट्टी म्हणून वापरला तेव्हा त्याने विज्ञान बिघडवलं.

पगार थांबले तेव्हा

सोव्हिएत विज्ञान प्रचंड होतं. एकीकडे विज्ञान अकादमीच्या संस्था, दुसरीकडे उद्योग आणि संरक्षण खात्यांच्या संस्था, तिसरीकडे विद्यापीठं. पैसा यायचा तो मुख्यतः संस्थेला, आणि ढोबळमानाने माणसं किती यावर यायचा. तुमचा प्रकल्प कसा आहे हे कोणी बाहेरचा माणूस तपासत नसे. संचालकाचं वजन मॉस्कोत किती, यावर बरंच ठरायचं. या व्यवस्थेत उत्तम गणित झालं, उत्तम भौतिकशास्त्र झालं, हे विसरायचं नाही. पण त्याच्या शेजारच्याच खोलीत पंधरा पंधरा वर्षं काहीही न केलेली माणसं बसलेली असायची, आणि दोघांच्या पगारात फार फरक नसायचा.

१९९१ च्या डिसेंबरात देशच विसर्जित झाला. २ जानेवारी १९९२ ला किमतींवरचं नियंत्रण उठलं, आणि त्या एका वर्षात किमती सुमारे २६ पट झाल्या. पगार त्या मागे धावू शकत नव्हते. संशोधनावरचा खर्च १९९० मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास होता, तो दोन वर्षांत एका टक्क्याच्याही खाली आला. आणि उत्पन्नही घसरत होतं, म्हणजे लहान होत चाललेल्या भाकरीचा आणखी लहान तुकडा. १९९० ते २००० या दशकात संशोधन क्षेत्रातली निम्म्याहून जास्त माणसं बाहेर पडली. काही परदेशी गेली. त्याहून कितीतरी जास्त माणसं देशातच राहिली, पण बँकेत, दुकानात, टॅक्सी चालवायला गेली. आपण नेहमी पहिल्या गटाबद्दल बोलतो, कारण त्यातल्या आंद्रेई गाइम यांच्यासारख्यांना पुढे नोबेल मिळालं. दुसऱ्या गटाची कुठे नोंदही नाही.

पाचशे डॉलर

अशा वेळी पहिलं उत्तर सरकारकडून आलं नाही, बाहेरून आलं. डिसेंबर १९९२ मध्ये जॉर्ज सोरोस यांनी माजी सोव्हिएत देशांतल्या विज्ञानासाठी दहा कोटी डॉलर जाहीर केले आणि आंतरराष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान उभं केलं. पहिलं काम तातडीचं होतं : शास्त्रज्ञ हिवाळ्यात तगले पाहिजेत. ठरलं, की प्रत्येकी पाचशे डॉलर द्यायचे. आज ऐकायला किरकोळ रक्कम. पण तेव्हाच्या विनिमय दराने अनेकांसाठी तो वर्षभराच्या पगाराहून मोठा पैसा होता.

द्यायचे कोणाला? समित्या नेमल्या असत्या तर संचालकांनी आपापल्या याद्या पाठवल्या असत्या. मुलाखती घेत बसले असते तर हिवाळा संपला असता. त्यांनी एक ओबडधोबड कसोटी लावली : गेल्या पाच वर्षांत आघाडीच्या नियतकालिकांत तुमचे किमान तीन लेख आले आहेत का? आले असतील तर पैसे घ्या. हुद्दा, वय, पदवी, संचालकाची शिफारस, काही विचारलं नाही. वीस हजारांहून जास्त शास्त्रज्ञांना हे पैसे मिळाले.

या कसोटीत दोष होते. बंदिस्त लष्करी संस्थांमध्ये काम करणाऱ्यांना छापायची परवानगीच नव्हती, ते बाहेर राहिले. दहा वर्षं एकाच प्रश्नाला भिडलेला माणूस बाहेर राहिला. पण आता या कसोटीची घडण बघा. तीन लेखवाल्याला पाचशे डॉलर आणि तीस लेखवाल्यालाही पाचशेच डॉलर. चौथा लेख लिहून काही मिळत नव्हतं. शिवाय कसोटी मागे बघणारी होती, जे आधीच छापून झालं होतं तेच धरायचं होतं. कोणाला आपलं वागणं बदलून फायदा उकळता येणार नव्हता. हा उंबरठा होता. ओलांडला की आत, आणि आत सगळे सारखे.

मोठ्या, दीर्घ मुदतीच्या अनुदानांसाठी मात्र त्याच प्रतिष्ठानने ही मोजणी वापरली नाही. तिथे अर्ज मागवले, ते तज्ज्ञांना वाचायला दिले, आणि त्यात परदेशी तज्ज्ञ मोठ्या संख्येने होते. म्हणजे घाईच्या कामाला आकडा आणि निवडीच्या कामाला माणूस. हा फरक ज्यांनी केला त्यांना मी मनापासून दाद देतो.

त्यावर गदारोळही झाला. गुप्तचर यंत्रणेने असा सूर लावला की पाश्चात्त्य प्रतिष्ठानं अनुदानांच्या नावाखाली माहिती गोळा करत आहेत. १९९५ मध्ये रशियाच्या संसदेत, म्हणजे ड्यूमात, यावर सुनावणी झाली. शास्त्रज्ञ येऊन बोलले, आणि शेवटी सोरोस यांचे आभार मानले गेले. वीस वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याच सोरोस यांच्या संस्थांना रशियाने 'अवांछित' ठरवलं. वैज्ञानिकांच्या पैशाचा मालक कोण हा प्रश्न कधीच नुसता वैज्ञानिक नसतो, इतकंच इथे नोंदवून पुढे जातो.

सरकारी खिडकी आणि तिचं टेंडर

सरकारनेही एक चांगलं काम केलं होतं. २७ एप्रिल १९९२ ला रशियन मूलभूत संशोधन प्रतिष्ठान स्थापन झालं. कल्पना तिथे तरी क्रांतिकारक होती : लहान गटाने स्वतःचा प्रश्न घेऊन अर्ज करायचा, तो तज्ज्ञांनी वाचायचा, आणि पैसे त्या गटाच्या कामाला द्यायचे. पुढे मानव्यविद्यांसाठी वेगळं प्रतिष्ठान झालं. पण विज्ञानाच्या एकूण अंदाजपत्रकातला अगदी थोडा वाटा या खिडकीतून जायचा, आणि तो खूप अर्जांत वाटला जायचा. आठवड्याची बाजारपेठ व्हावी इतक्या पैशात वर्षाचं संशोधन चालवा, असा प्रकार. तरी रशियातले अनेक शास्त्रज्ञ या प्रतिष्ठानाबद्दल आजही आदराने बोलतात, कारण तिथे त्यांचा अर्ज कोणीतरी वाचत होतं.

मोठा पैसा २००० नंतर आला, तेलाच्या किमती वाढल्यावर. आणि तो आला मंत्रालयाच्या 'लक्ष्य कार्यक्रमां'मधून, स्पर्धात्मक कंत्राटं म्हणून. इथे गंमत बघा. २००५ मध्ये सरकारी खरेदीचा एक कायदा झाला, ९४ क्रमांकाचा. भ्रष्टाचार रोखायचा म्हणून केलेला. रस्ता, खडू, कागद, झाडू, सगळ्याची खरेदी या कायद्याने, आणि संशोधनाची खरेदीही याच कायद्याने! त्यामुळे प्रकल्प निवडताना 'किंमत किती' आणि 'मुदत किती' यांना गुण मिळू लागले. कोणीतरी येऊन म्हणायचं, हेच संशोधन मी निम्म्या पैशात करतो आणि निम्म्या वेळात करतो. त्याचे गुण वाढले. त्याला काम समजलं आहे का, हा मुद्दा मागे पडला.

आपल्याकडे ज्यांनी प्रयोगशाळेसाठी सूक्ष्मदर्शक टेंडरने घेतला आहे, ते आता मान डोलावत आहेत. (हशा) पण आपल्याकडे टेंडर सूक्ष्मदर्शकाचं निघतं. तिथे सूक्ष्मदर्शकातून काय दिसणार, त्याचं टेंडर निघत होतं.

मजकूर सांगायचा राहिला : या कंत्राटांत काय द्यायचं ते आधी लिहून द्यावं लागे. इतके लेख, इतके प्रबंध, इतके तरुण संशोधक. शोध काय लागला यापेक्षा हे रकाने भरणं महत्त्वाचं. २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी या कायद्याविरुद्ध उघड आवाज उठवला. रसायनं मागवायला महिनोन् महिने लागतात, आणि कमी बोली लावणारा कोणीही येऊन प्रकल्प घेऊन जातो, या त्यांच्या तक्रारी होत्या. तो कायदा २०१४ च्या सुरुवातीला बदलला. तोवर आठ वर्षं गेली होती. आठ वर्षं म्हणजे पीएच.डी.च्या दोन पिढ्या.

गुणांची पेढी

आता फूटपट्टीकडे येतो. २००६ मध्ये विज्ञान अकादमीत एक प्रायोगिक योजना सुरू झाली. पगार वाढवायचे, त्या बदल्यात माणसं सुमारे वीस टक्क्यांनी कमी करायची, आणि पगाराच्या वरचा भत्ता 'कामगिरीच्या निर्देशांका'वर ठरवायचा. निर्देशांक म्हणजे गुण. लेख कुठल्या नियतकालिकात आला त्यावर गुण, पुस्तकाला गुण, व्याख्यानाला गुण, पेटंटला गुण. वर्षाच्या शेवटी बेरीज.

हेतू वाईट नव्हता. पंधरा वर्षं झोपलेल्या माणसाला आणि रात्री अकरापर्यंत प्रयोगशाळेत असलेल्या मुलीला सारखाच पगार, हा अन्याय कुठेतरी मोडायलाच हवा होता. पण सोरोस यांच्या कसोटीशी ताडून बघा. इथे चौथा लेख, पाचवा लेख, प्रत्येकाला पैसे. आणि मोजणी पुढे बघणारी : आता जे लिहाल ते मोजू. मग माणूस जे करायला हवं तेच करतो. एका कामाचे तीन लेख करतो. शेजाऱ्याचं नाव लावतो, शेजारी त्याचं लावतो. अवघड प्रश्न सोडून देतो, कारण अवघड प्रश्नाला तीन वर्षं गुण नाहीत.

एक नाव सांगतो. ग्रिगोरी पेरेलमान, सेंट पीटर्सबर्गच्या स्तेक्लोव्ह संस्थेत नोकरीला होते. पॉइनकारे अनुमान शंभर वर्षं सुटलं नव्हतं. पेरेलमान यांनी कित्येक वर्षं जवळपास काही छापलं नाही, आणि नोव्हेंबर २००२ ते जुलै २००३ या काळात तीन लेख इंटरनेटवरच्या एका खुल्या संग्रहात टाकले. कुठल्याही नियतकालिकाकडे पाठवले नाहीत. जगभरच्या गणितज्ञांनी ते वाचून, तपासून मान्य केले. २००५ च्या अखेरीस त्यांनी संस्था सोडली, म्हणजे गुणांची योजना त्यांच्या वाट्याला आली नाही. आली असती तर? नियतकालिकात लेख नाही, म्हणून त्या काळाचे त्यांचे गुण शून्य. मी हे उदाहरण सगळे पेरेलमान असतात म्हणून देत नाही. त्या अनुमानाची सिद्धता कोणीतरी बसून वाचली तेव्हाच ती खरी ठरली, बेरजेने ठरली नाही, हे दाखवायला देतो.

२०१२ मध्ये हीच फूटपट्टी देशपातळीवर गेली. ७ मे २०१२ च्या राष्ट्रपतींच्या आदेशात लिहिलं होतं, की 'वेब ऑफ सायन्स' या सूचीतल्या जगाच्या एकूण लेखांपैकी रशियाचा वाटा २०१५ पर्यंत २.४४ टक्के झाला पाहिजे. दशांशानंतर दोन अंक! लागोपाठ २०१३ मध्ये विद्यापीठांसाठी योजना आली, की २०२० पर्यंत किमान पाच विद्यापीठं जगाच्या पहिल्या शंभरांत न्यायची. त्या योजनेतलं एकही विद्यापीठ सर्वसाधारण क्रमवारीच्या पहिल्या शंभरांत पोचलं नाही. लेखांची संख्या मात्र भराभर वाढली. त्यात चांगले लेख होतेच, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांतलेही होते. २०२० च्या जानेवारीत विज्ञान अकादमीच्याच एका समितीच्या तपासणीनंतर रशियन नियतकालिकांनी आठशेहून जास्त लेख मागे घेतले. कुठे तोच लेख दोनदा छापलेला, कुठे उचलेगिरी, कुठे लेखकांची नावंच संशयास्पद.

मग २०२२ साल आलं. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर परदेशी सूचीवाल्यांनी रशियातून पाय काढला आणि सरकारने त्या सूचींवर आधारलेले निकष स्थगित केले. दहा वर्षं ज्या फूटपट्टीसाठी सगळं मोडून घडवलं, ती परक्याची होती आणि तो ती घेऊन गेला. मागे उरलं काय? अर्ज वाचू शकणारी, निर्भीड मत देणारी माणसं किती तयार झाली? त्यावर कोणी पैसे खर्च केले होते?

शेजारच्या घरांत

हे फक्त रशियाचं नाही. संक्रमणातल्या इतर दोन देशांकडे झटकन बघू.

पूर्व जर्मनीच्या विज्ञान अकादमीत एकीकरणाच्या वेळी सुमारे चोवीस हजार माणसं होती. तिथे विज्ञान परिषदेच्या समित्यांनी १९९०-९१ मध्ये एकेक संस्थेला प्रत्यक्ष भेट दिली. प्रयोगशाळा बघितल्या, माणसांशी बोलल्या, आणि संस्थेनुसार शिफारस केली. काही बंद झाल्या, काही नव्या रूपात चालू राहिल्या. टीका खूप झाली, आणि ती रास्तही होती : तपासणारे बहुतांश पश्चिमेचे, तपासले जाणारे पूर्वेचे, आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. पण निदान कोणीतरी दार वाजवून आत येऊन पाहिलं होतं. निकालावर कोणाशी तरी भांडता येत होतं.

चेक प्रजासत्ताकाने उलट टोक गाठलं. तिथे लेख, पुस्तक, पेटंट, नमुना-यंत्र, सगळ्याचे गुण करून ते एका सूत्रात घालायचे आणि खालून संस्थेचं अनुदान बाहेर काढायचं. लोकांनी त्याला नाव ठेवलं 'कॉफी दळायचं यंत्र'. वरून काहीही टाका, खालून पूडच येणार. २००९ मध्ये त्यांच्या विज्ञान अकादमीच्या पैशांत मोठी कपात पुढे आली तेव्हा शास्त्रज्ञांनी उघड निषेध केला. शेवटी २०१७ च्या नव्या पद्धतीत त्यांना तज्ज्ञांच्या वाचनाकडे परत यावं लागलं.

आकड्याच्या बाजूने

आता दुसरी बाजू मांडणं माझं कर्तव्य आहे. 'तज्ज्ञांनी वाचावं' हे म्हणणं सोपं आहे. कोणते तज्ज्ञ? छोट्या विषयात देशात आठ माणसं असतात. त्यातले तिघे एकाच गुरूचे शिष्य, दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद. रशियात कित्येक उमद्या शास्त्रज्ञांनी सुरुवातीला सायटेशनच्या मोजणीचं स्वागत केलं होतं, ते याच कारणाने. अकादमीतल्या वृद्ध मंडळींची कृपा नसलेल्या तरुण मुलीला निदान आकडा तरी म्हणत होता, की तुझं काम जगात कोणीतरी वाचतं आहे. २०१३ पासून 'डिसरनेट' या गटाने, ज्यात भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेई रोस्तोव्त्सेव्ह आणि जीवशास्त्रज्ञ मिखाइल गेल्फांद होते, राजकारण्यांचे आणि कुलगुरूंचे उचललेले प्रबंध बाहेर काढले. ते प्रबंधही 'तज्ज्ञ' समित्यांनीच मंजूर केले होते. म्हणजे बिघडलेल्या समाजात तज्ज्ञ-परीक्षणही बिघडतं. हे मान्य केल्याशिवाय माझ्या बोलण्याला अर्थ नाही.

पण यातून निघायची एक वाट रशियातच काहींनी दाखवली होती. 'तज्ज्ञांचा संच' नावाचा एक स्वयंसेवी उपक्रम. सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ मिखाइल फाइगेलमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो चालवला. पद्धत अशी : ज्यांच्या कामाची जगात पुरेशी दखल घेतली गेली आहे त्यांना विचारायचं, की तुमच्या विषयात कोणाच्या मतावर तुमचा विश्वास आहे? अनेकांनी घेतलेली नावं यादीत जातात. यात आकडा आहे, पण तो दारापाशी आहे. मत कोणाला द्यायचा हक्क, एवढंच तो ठरवतो. पुढचं काम माणसं करतात, आणि कोणाचं नाव आलं ते सगळ्यांसमोर असतं.

मग करायचं काय

यातून मला जे दिसतं ते थोडक्यात सांगतो.

पहिलं, आकडा दारापाशी ठेवा. बारीक चाळणी म्हणून नको, नुसता उंबरठा, तोही मागचं बघणारा. त्याच्या आत गेल्यावर बेरीज बंद.

दुसरं, आत गेलेल्या माणसाकडून दहा कामं मागू नका, तीन मागा. आणि ती तीन वाचा. वाचणाऱ्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. त्याने लिहिलेलं मत अर्जदाराला दाखवा. नाव झाका हवं तर, पण मत झाकू नका. ज्याला माहीत आहे की आपलं लिहिलेलं वाचलं जाणार आहे, तो जपून लिहितो.

तिसरं, एकापेक्षा जास्त खिडक्या ठेवा. १९९३ च्या त्या भयानक वर्षात रशियातल्या गटाला सरकारी प्रतिष्ठानाकडे जाता येत होतं, सोरोस यांच्याकडे जाता येत होतं, युरोपीय योजनेकडे जाता येत होतं. एकाने नाकारलं तर दुसरा वाचायचा. २०१३ नंतर नवं विज्ञान प्रतिष्ठान आलं, ते चांगलं चाललं, पण काही वर्षांत जुन्या प्रतिष्ठानाच्या स्पर्धा बंद झाल्या आणि ती खिडकी मिटली. एकाच खिडकीशी रांग लागली की खिडकीतल्या माणसाची मर्जी हाच निकष होतो.

चौथं, संशोधनाची निवड आणि खडूची खरेदी एकाच कायद्याने करू नका.

आपल्याकडे

हे ऐकताना तुमच्यातल्या प्राध्यापकांना घरचीच आठवण आली असेल. आपल्याकडे २०१० च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने गुणांची पद्धत आणली. बढतीसाठी बेरीज. त्यानंतर महाराष्ट्रात 'आंतरराष्ट्रीय' नावाची किती नियतकालिकं तालुक्याच्या गावांतून निघाली, हे तुम्हाला मी सांगायला नको. (हशा) २०१७ मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली, २०१८ च्या मे महिन्यात त्यातली ४,३०५ काढून टाकली. मग चांगल्या नियतकालिकांची यादी करायचं काम पुण्याच्या विद्यापीठातल्या कक्षाकडे आलं. २०२५ च्या फेब्रुवारीत ती यादीही बंद झाली आणि जबाबदारी संस्थांवर सोपवली गेली. फूटपट्टी घासूनपुसून स्वच्छ करत राहिलो, ती फूटपट्टीच आहे का हे कमी विचारलं.

एक प्रसंग सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी मी एका निवड समितीवर होतो. कुठे ते सांगत नाही. एक उमेदवार आले, नीटनेटकी फाइल, एकेचाळीस लेख. मी विचारलं, "यातलं तुम्हाला स्वतःला सगळ्यात आवडलेलं काम कोणतं?" ते गोंधळले. फाइल उघडून गुणांच्या तक्त्यावर बोट फिरवू लागले, की सर्वांत जास्त गुण कशाला आहेत. मला त्यांचा राग आला नाही. हुशार माणूस होता. पंधरा वर्षांत त्यांना तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. आणि खरं सांगू? मीही त्या दिवशी त्यांचा एकही लेख वाचून गेलो नव्हतो.



प्रश्नोत्तरं

श्रोता : सर, तुम्ही लेखांच्या मोजणीवर टीका केलीत. पण पेटंट मोजली तर? उदारीकरणानंतर आपल्या राष्ट्रीय प्रयोगशाळांनी पेटंटवर भर दिला, त्याचा फायदाच झाला ना?

सुरुवातीला झाला. डॉ. माशेलकरांनी आधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि १९९५ पासून सीएसआयआरमध्ये 'आपलं ज्ञान राखा, त्याची किंमत ओळखा' ही जाग आणली, ती गरजेची होती. तोवर आपण शोध लावून छापून मोकळे होत होतो. पण पेटंटची संख्या हीच कामगिरी झाली की तिथेही तेच होतं. २०१६ मध्ये सीएसआयआरच्याच तेव्हाच्या महासंचालकांनी अनेक पेटंटांना 'बायोडेटा पेटंट' म्हटलं होतं. म्हणजे बायोडेटात लिहायला काढलेली. पेटंट कोणी वापरायला घेतलं का, हा प्रश्न विचारावा. तो मोजायला अवघड आहे, म्हणून आपण सोपं तेवढं मोजतो.

श्रोता : तुम्ही म्हणता तसं वाचायला वेळ कुठे आहे? हजारो अर्ज असतात.

म्हणून तर उंबरठा हवा. हजारांचे दोनशे करायला आकडा वापरा, मला हरकत नाही. पण दोनशेतून वीस निवडताना वाचावं लागेल. आणि वेळ नाही असं नसतं, त्या वेळेची किंमत कोणी धरलेली नसते. आज तज्ज्ञ-परीक्षण म्हणजे फुकटचं, रात्री जेवल्यावर करायचं काम. नव्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ मध्ये झाला, तेव्हा चर्चा मुख्यतः किती हजार कोटी यावर झाली. त्यातले किती पैसे परीक्षकांच्या वेळेसाठी ठेवले, हे कोणी विचारलं का? ते विचारावं असं मला वाटतं.

श्रोती : मी पीएच.डी. करते आहे. पद्धत बदलेल तेव्हा बदलेल, पण मला पुढच्या वर्षी अर्ज करायचा आहे. मी काय करू?

प्रामाणिकपणे सांगतो. उंबरठ्यापुरते लेख लिहा, कारण त्याशिवाय आत घेणार नाहीत. ते लिहिताना कोणाचं नाव उगीच लावू नका, कोणाला तुमचं लावू देऊ नका. आणि एक काम असं ठेवा, की ज्याचे गुण अजून कुठल्याच तक्त्यात नाहीत, पण कोणी विचारलं तर त्याबद्दल तुम्ही अर्धा तास थांबल्याशिवाय बोलू शकाल. माझ्यासारखा एखादा समितीवर असेल तर तो तेच विचारेल. आणि या वेळी तो वाचून येईल, एवढा शब्द मी माझ्यापुरता देतो.